कर्त्या माणसामागे राहते घर टिकावे यासाठी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातील कर्ता माणूस गेला की कुटुंबाला दुःख आवरण्याआधीच घराच्या कागदांना तोंड द्यावे लागते, आणि त्या कागदांची माहिती बहुधा गेलेल्या माणसालाच असते. माझी बहुतेक नोकरी नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. तारण असलेली राहती घरे कुटुंबांच्या हातून जाताना मी त्या काळात जवळून पाहिली आणि काही घरे वेळेवर सुटतानाही पाहिली. ‘वडील गेले आणि त्यांच्यामागे घरही गेले’ असे आपण सहज म्हणतो. पण माझे मत असे झाले आहे की त्यातील बहुतेक घरे वडिलांच्या मागे पाच-सहा महिने कोणीच काही न केल्यामुळे, किंवा घाईने नको ती सही केल्यामुळे गेलेली असतात. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या कोल्हापूर शहराच्या जुन्या पेठांतील स्थिती आधी सांगतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर या भागांत अशी कितीतरी घरे आहेत की ज्यांच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे नगर भूमापनाच्या (सिटी सर्व्हेच्या) मिळकत नोंदीवर, अजून आजोबांचे नाव आहे, घरफाळ्याची पावती वडिलांच्या नावे येते आणि वीजबिल थोरल्या काकांच्या नावे. घरफाळा आम्हीच भरतो म्हणजे घर आमचेच, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. घरफाळ्याची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. सिटी सर्व्हेच्या फेरफारानेही, म्हणजे नावबदलाच्या नोंदीनेही, मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीसुद्धा वारसांची नोंद वेळेवर होणे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्याचे नाव कार्डावर नाही त्याच्याकडे खरेदीदार, बँक आणि दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक यांपैकी कोणीच वळून पाहत नाही, आणि मग त्याला वगळून व्यवहार पुढे सरकतो. शेतजमिनीच्या बाबतीत तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. शहरातील घरासाठीही नगर भूमापन कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करण्यास वर्ष-वर्ष थांबण्याचे काहीच कारण नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या अनेक घरांतील जुने दस्त भिजून गेले. त्यांच्या वारसांनी दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल काढून ठेवावी. मूळ कागद गेला म्हणजे हक्क गेला असे होत नाही.

वारस कोण, याबद्दलही घोळ असतो. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई या सर्वांना सारखा वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, याचा वाट्याशी संबंध नाही. पूर्वी याच कायद्यात कलम २३ होते आणि भावांनी वाटणी करायची ठरवल्याशिवाय बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलमच काढून टाकण्यात आले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच आहे आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. इतके होऊनही आईचा वाटा मुलाइतकाच आहे, ही गोष्ट कित्येक घरांत स्वतः आईलाच माहीत नसते.

आता कर्जाकडे येतो, कारण घर जाण्याचा सर्वांत वेगवान रस्ता हाच आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करून पुढे स्वतःचे छोटे वर्कशॉप काढलेल्या एका गृहस्थांनी मशीनसाठी राहते घर तारण ठेवून कर्ज घेतले होते. ते अचानक गेले. काही महिन्यांनी त्यांची पत्नी आणि मुलगा आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात पासबुक, हप्त्याच्या पावत्या, घरफाळ्याची बिले होती आणि त्यांच्याच खाली बँकेची तीन लांब पाकिटे होती, तिन्ही न फोडलेली. मुलगा म्हणाला, “साहेब, पाकिटावर वडिलांचं नाव होतं. त्यांच्या नावाचं टपाल आम्ही कसं फोडायचं?” त्या तीन पाकिटांतील शेवटचे पाकीट सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला तारण मिळकतीतून परस्पर वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस होती आणि तिची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

ही मुदत कशी धावते, हे प्रत्येक कुटुंबाला माहीत असले पाहिजे. हप्ता थांबून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. त्यानंतर बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देऊ शकते आणि तेवढ्यात रक्कम भरली नाही तर तारण मिळकतीचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागत नाही. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने हप्ता बंद पडल्यापासून पाच-सहा महिन्यांत दारावर ताबा नोटीस लागू शकते, आणि कित्येक घरांत तोवर वडिलांचे वर्षश्राद्धही झालेले नसते. हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही यावर अनेक वर्षे वाद होता. आपल्याच जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू असल्याचे सांगितले आणि वाद मिटला.

याच कायद्यात कर्जदाराच्या बाजूच्याही तरतुदी आहेत, पण त्या नोटीस वाचणाऱ्याच्याच उपयोगी पडतात. मागणी नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. मुद्दल आणि व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या २० टक्क्यांपेक्षा कमी येणे बाकी असेल तर या कायद्याखाली कारवाई करता येत नाही. वडिलांनी आयुष्यभर हप्ते भरून कर्ज शेवटाला आणलेले असते तेव्हा ही तरतूद घर वाचवू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मात्र २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच पूर्ण रक्कम भरून मिळकत सोडवून घेण्याचा हक्क राहतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, असे म्हणून थांबलेल्या माणसांना हे फार उशिरा कळते.

वारसांनी आणखी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. वडिलांचे कर्ज वारसांना फेडावे लागते ते वडिलांकडून मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर त्याच्या पगारावर किंवा त्याने स्वतः कमावलेल्या मिळकतीवर या कर्जाचा भार पडत नाही. वसुलीला आलेला माणूस काहीही म्हणो, कायदा हा आहे. म्हणून भीतीपोटी दागिने मोडून घाईने अर्धवट रक्कम भरण्याआधी बँकेकडून खात्याचा संपूर्ण उतारा लेखी मागावा आणि तो कर्ज उचलल्याच्या दिवसापासूनचा मागावा. त्या पहिल्या नोंदींतच पुष्कळदा कर्जाबरोबर उतरवलेल्या विम्याच्या हप्त्याची कपात सापडते आणि घरच्यांना त्या विम्याचा पत्ताच नसतो. बचत खात्याच्या पासबुकात दरवर्षी ४३६ रुपयांची कपात दिसत असेल तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची आहे आणि वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात. वर उल्लेख केलेल्या कुटुंबाच्या बाबतीत अशीच एक विमा पॉलिसी निघाली. तिची रक्कम आली, उरलेल्या बाकीचे हप्ते मुलाच्या नावाने बांधून दिले गेले आणि घर राहिले. पाकिटे आणखी महिनाभर तशीच राहिली असती तर ते राहिले नसते.

पतसंस्थांचा मार्ग वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि अडचणीला तीच दारे उघडी असतात, हे त्यांचे ऋण मान्य करूनच लिहितो. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याने होते. दाखला देण्याआधी सहकारी संस्थांच्या निबंधकांसमोर जी सुनावणी होते, तिला हजर राहून हिशेबाची हरकत तेथेच नोंदवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. कर्त्या माणसाशिवाय उरलेल्या घराकडे ती कोठून येणार? वडील दुसऱ्या कोणाला जामीन राहिले होते का, हीही चौकशी मृत्यूनंतर लगेच करावी. मित्राच्या ट्रॅक्टरसाठी किंवा भावकीतील कोणाच्या धंद्यासाठी केलेली एक सही कपाटात कोठेच सापडत नाही, आणि मूळ कर्जदार थकला की संस्था जामीनदाराच्या मिळकतीकडे वळते.

यापेक्षाही मला ज्याची अधिक तळमळ आहे, ते घराच्या आतले आहे. रक्षाविसर्जन झाले, दिवस घातले, तेराव्याला लेकी-जावई जमले, की कोणीतरी सुचवतो, “सगळे आलेच आहेत, तर हक्कसोडाच्या सह्याही उरकून घेऊ.” बहीण नाही म्हणू शकत नाही, कारण त्या दिवशी नाही म्हणणे म्हणजे माहेर तोडणे, असा अर्थ लावला जातो. आई तर बहुतेक वेळा काय लिहिले आहे हे न विचारताच अंगठा उठवते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा पक्का दस्त आहे. आईने आपला हिस्सा मुलाच्या नावे सोडला की त्या हिश्श्यावर तिचा मालकी हक्क उरत नाही. उद्या मुलाने घर विकले किंवा गहाण टाकले तर ती त्याला अडवू शकत नाही. फसवून किंवा दबाव आणून सही घेतली असे म्हणायचे झाले तर ते न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि सत्तरीच्या बाईने स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष द्यायची, ही गोष्ट बोलायला जितकी सोपी तितकी करायला सोपी नाही. हक्क सोडायचाच असेल तर तो बहिणीने मनापासून जरूर सोडावा. त्यात गैर काहीच नाही. पण तो तेराव्याला सोडू नये. निदान सहा महिने जाऊ द्यावेत, दस्ताचा मसुदा आधी घरी वाचावा, आणि आईचा हिस्सा तिच्या हयातीत तिच्याच नावावर ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आईला आपला हिस्सा कोणाला द्यायचाच असेल तर तिने तो मृत्युपत्राने द्यावा. मृत्युपत्र तिला हवे तेव्हा बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच झाले तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यावी. ती अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येते.

भावाभावांत बिनसले की एक वेगळाच धोका उभा राहतो. एक भाऊ आपला अविभक्त हिस्सा परस्पर एखाद्या बाहेरच्या माणसाला विकतो आणि तो माणूस एक दिवस कुलूप घेऊन दारात येतो. पेठेतील लहानशा घरात पूर्वी कधी न पाहिलेला मालक उभा राहिला की बायकामुले घाबरून जातात आणि मिळेल त्या किमतीला आपलाही हिस्सा देऊन मोकळी होतात. नेमके हेच त्या खरेदीदाराला हवे असते. त्यांना कोणी सांगत नाही की मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घरात कुटुंबाबरोबर ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावा करावा लागतो, आणि तो दावा केला की वाटप कायदा, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. विक्री व्हायची असतानाच कळले तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे इतर वारसांना आधी घेण्याचा हक्क मागता येतो. ही माहिती वेळेवर मिळाली तर अनेक कुटुंबे घाबरून घर सोडणार नाहीत. अर्थात वाद कोर्टात चिघळत राहिला आणि घर इतके लहान असले की त्याचे तुकडे पडू शकत नाहीत, तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांच्या मागणीवरून न्यायालय ते घर विकून पैसे वाटण्याचा हुकूम देऊ शकते. पेठांतील बहुतेक घरे एवढीच असतात. तेव्हा भांडणाच्या भरात दावा लावणाऱ्या भावांनी आपण कशाला हात घालत आहोत याचा आधी विचार करावा.

भाड्याच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांबद्दलही दोन वाक्ये लिहितो. भाडेकरू वडील गेले म्हणून घर लगेच सोडावे लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार मृत्यूच्या वेळी त्यांच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा दर्जा मिळू शकतो. फक्त भाडे थकवू नये आणि मालक पावती देत नसेल तर मनिऑर्डरने किंवा बँकेतून भाडे पाठवून त्याचा पुरावा ठेवावा.

फ्लॅटधारकांत वारसनोंद झाली नाही तरी नॉमिनी आहेच, असा दिलासा असतो. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनीचे नाव आहे म्हणून तो मालक होत नाही; खऱ्या वारसांचा निर्णय होईपर्यंत सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतेच ते नाव असते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे वडिलांनी हयातीत केलेले मृत्युपत्र. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही आणि दोन साक्षीदारांच्या समक्ष सही असली आणि त्या साक्षीदारांनीही सही केली की ते कायदेशीर ठरते. तरीही ते नोंदवावे असा माझा सल्ला राहील. आपल्याकडे मृत्युपत्राचा विषय काढणे अशुभ मानतात आणि मुलाने काढला तर तो लोभी ठरतो. म्हणून हा विषय वडिलांनी आणि आईने स्वतःच काढला पाहिजे.

आता संबंधितांना काही विनंत्या. बँकांनी आणि पतसंस्थांनी कर्जदाराच्या मृत्यूची खबर मिळताच वारसांच्या नावाने, मराठीत आणि साध्या भाषेत एक पत्र पाठवावे, ज्यात एकूण येणे, विमा आहे की नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे हे लिहिलेले असेल. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी दिलेल्या सूचनेनुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मिळकतीचे मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर झाल्यास दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यायची असते आणि मृत कर्जदाराच्या वारसांना कागद परत देण्याची पद्धत आधीच ठरवून जाहीर करायची असते. कागद परत देण्याबाबत जर इतका स्पष्ट नियम होऊ शकतो, तर त्याच वारसांना कर्जाची माहिती देण्याबाबत का होऊ नये? महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाने मृत्यूच्या दाखल्याबरोबर वारसनोंदीचा एक पानी माहितीचा कागद द्यावा. वृत्तपत्रांतील ताबा नोटिसांत मिळकतीची पेठ किंवा गल्ली मोठ्या अक्षरांत छापली जावी, म्हणजे शेजाऱ्यांच्या तरी नजरेस पडेल.

शेवटची आणि सर्वांत निकडीची मागणी हक्कसोडपत्राबाबत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे साहाय्य जिल्हा न्यायालयात उपलब्ध आहेच; पण ज्या दिवशी आई आणि बहीण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत असतात, त्या दिवशी त्यांना ते तेथेच मिळाले पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, ते आपल्या सहा जिल्ह्यांच्या दीर्घ लढ्यामुळे. ज्या वकील मंडळींनी तो लढा इतकी वर्षे चालवला, त्यांनीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या साहाय्याने करवीरच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत आठवड्यातून एक दिवस एक महिला वकील बसवावी, तिने हक्कसोड करणाऱ्या स्त्रीशी भावांना बाजूला ठेवून बोलावे, तिचा हिस्सा किती आणि सही केल्यावर काय उरणार हे तिला समजावून सांगावे, आणि तिची इच्छा नसेल तर दस्त त्या दिवशी होऊ नये, अशी व्यवस्था करावी. याला नवा कायदा लागणार नाही. जिल्हाधिकारी, सह जिल्हा निबंधक आणि जिल्हा बार असोसिएशन यांनी एकत्र बसून हा निर्णय लवकर घ्यावा, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर